जुन्या घडीच्या चाकूची मूठ कशाची? समोरून नव्हे, कडेने बघा

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात घडीचा जुना चाकू हातात घेतला, की विक्रेत्याची उत्तरं ठरलेली असतात. मूठ पांढरी असेल तर हस्तिदंत, काळी असेल तर म्हशीचं शिंग, खडबडीत तपकिरी असेल तर सांबरशिंग. कधीकधी तो बरोबरही असतो. पण पांढरी मूठ पुष्कळदा गुरांच्या नळीच्या हाडाची निघते, काळी रबराची आणि तपकिरी चक्क प्लॅस्टिकची.

यात विक्रेत्याला फार दोष देता येत नाही. इंग्लंडमधल्या शेफिल्ड, जर्मनीतल्या सोलिंगन आणि अमेरिकेतल्या कारखान्यांनी शंभर वर्षांहून जास्त काळ स्वस्त माल महाग दिसावा यासाठी डोकं लढवलं. हाडाला रंग देऊन त्याचं सांबरशिंग केलं, शिंग तापवून त्याचं कासवाचं कवच केलं, सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकचा हस्तिदंत केला. रंग, चकाकी आणि नक्षी यांची नक्कल जमते. जमत नाही ती वाढीची. जी वस्तू जिवंत प्राण्याच्या किंवा झाडाच्या अंगावर वाढली, तिच्यात वाढीची दिशा असते. एका बाजूने पाहिलं तर रेषा दिसतात, आडव्या छेदात ठिपके दिसतात. साच्यातून निघालेली वस्तू सगळीकडून सारखीच दिसते. या लेखातली बहुतेक पद्धत एवढ्या एका फरकावर उभी आहे.

हे चाकू आपल्याकडे सापडतात त्यालाही कारण आहे. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्ससारख्या कंपन्यांचा माल ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात भरपूर खपला. उलट दिशेनेही वाहतूक होती. मुठींसाठी शेफिल्डला जाणारी सांबराची गळलेली शिंगं आपल्या जंगलांतली होती, आणि एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतला बराच हस्तिदंत झांझिबारहून मुंबईला येऊन मग लंडनला जाई. आजोबांच्या पेटीत निघालेल्या चाकूची मूठ मध्य भारतातून इंग्लंडला जाऊन परत आलेली असू शकते.

आधी चाकूचे भाग

घडीच्या चाकूची मूठ एकसंध नसते. मध्ये पोलादी कमान, तिच्या दोन्ही बाजूंना पितळेचा किंवा लोखंडाचा पातळ पत्रा आणि त्यावर बाहेरून बसवलेल्या दोन पट्ट्या. आपल्याला ओळखायच्या आहेत त्या याच पट्ट्या. त्या बारीक खिळ्यांनी पत्र्याला ठोकलेल्या असतात. मुठीच्या एका किंवा दोन्ही टोकांना धातूची जाड टोपी असते, तिला बोल्स्टर म्हणतात. काही चाकूंवर पट्टीच्या मधोमध धातूचं छोटं शिल्ड बसवलेलं असतं.

पट्टीचा समोरचा भाग कारागिराने घासून, रंगवून, चकचकीत करून दिलेला असतो. तिथे फार वेळ घालवू नका. खरी माहिती चार जागी मिळते: पट्टी बोल्स्टरला भिडते ते टोक, पत्र्याला लागून असलेली लांब कड, कमानीच्या बाजूची कड आणि खिळ्यांभोवतालची जागा. बोल्स्टर एकाच टोकाला असेल तर दुसरं टोक उघडं सापडतं. ते मिळालं की अर्धं काम झालं.

हत्यारं आणि साफसफाई

दहापट मोठं दाखवणारं, सोनार वापरतात तसं भिंग, बारीक झोताची टॉर्च आणि जमल्यास ३६५ नॅनोमीटरची अल्ट्राव्हायोलेट टॉर्च एवढं पुरेसं आहे. नोटा तपासायला मिळणाऱ्या स्वस्त जांभळ्या टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या असतात. त्यांचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका पसरतो, की मुठीची चमक त्यात हरवते.

चाकू आधी कोरड्या मऊ ब्रशने झटका, मग सुती कापडाने पुसा. पाणी नको, साबण नको. पितळी बोल्स्टर काळवंडलेला दिसला की आपला हात चिंचेकडे किंवा लिंबाकडे जातो. तो आवरा. काही मुठींवर असतो तो चकाकणारा शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल लागलं की तो लगेच खडबडीत होतो. हाड आणि हस्तिदंतातलं खनिजही आम्लाने झिजतं. पितळ घासायची पावडरही चालणार नाही, ती खाचांत जाऊन बसते आणि नंतर निघत नाही. खाचांतला जुना मळ तर मुळीच काढू नका. हाडाची छिद्रं ओळखायला त्याचाच उपयोग होतो.

पायरी १: आधी काळ ठरवा

पट्टीकडे बघण्याआधी पातं उघडा आणि त्याच्या मुळाशी असलेला ठसा वाचा. त्यावरून काय शक्य आहे आणि काय अशक्य, हे आधीच कळतं.

सेल्युलॉइडचं हायट बंधूंचं अमेरिकन पेटंट १८७० सालचं आहे. बेकेलाइट हे कडक प्लॅस्टिक १९०७ चं. डेलरिन हे ड्यूपॉन्ट कंपनीचं कडक प्लॅस्टिक १९६० च्या सुमारास बाजारात आलं आणि अमेरिकन चाकूंवर हाडाच्या जागी सर्रास बसू लागलं. पात्यावर राणी व्हिक्टोरियाची ‘व्ही आर’ ही अक्षरं असतील तर चाकू १८३७ ते १९०१ मधला धरायला हरकत नाही. अशा चाकूवर डेलरिनची पट्टी दिसली, तर ती नंतर बदललेली आहे हे वेगळं सांगायला नको. अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर देशाचं नाव घालण्याची सक्ती १८९० च्या मॅकिन्ले कायद्याने आली. त्यामुळे नुसतं ‘शेफिल्ड’ न लिहिता ‘इंग्लंड’ही कोरलेलं असेल, तर चाकू साधारणपणे १८९१ नंतरचा समजतात. हा नियम काटेकोर नाही, कारण काही कारखाने आधीपासूनच देशाचं नाव घालत होते.

चांदीच्या पात्याचे, फळं कापायचे नाजूक घडीचे चाकू मिळाले तर काम फारच सोपं. त्यांवर हॉलमार्क असतो: चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, मुकुट म्हणजे शेफिल्ड, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम आणि वर्षाचं अक्षर. त्या अक्षरावरून वर्ष काढता येतं. या चाकूंच्या मुठी बहुतेक शिंपल्याच्या असतात, आणि त्या खऱ्या निघण्याची शक्यता जास्त. चांदीचं पातं करून त्याला खोटी मूठ लावणं कारागिरालाही पटलं नसतं.

अमेरिकन चाकू असेल तर नमुन्याचा क्रमांक शोधा. केस कंपनीच्या क्रमांकातला पहिला आकडा मुठीचा असतो: ५ म्हणजे खरं सांबरशिंग, ६ म्हणजे खाचा पाडलेलं हाड, ८ म्हणजे खरा शिंपला, ९ म्हणजे नकली शिंपला, ३ म्हणजे पिवळं कृत्रिम साहित्य. ५२५४ आणि ६२५४ हे एकाच नमुन्याचे दोन चाकू, फरक फक्त मुठीत. रेमिंग्टनने दोन महायुद्धांच्या मधल्या काळात केलेल्या चाकूंत उलट, शेवटचा आकडा मुठीचा: ३ हाड, ४ शिंपला, ५ सेल्युलॉइड, ६ सांबरशिंग, ८ कोकोबोलो लाकूड, ० म्हशीचं शिंग. पण या आकड्यांवर डोळे झाकून विसंबू नका. केसने पुढे डेलरिनच्या मुठींनाही ६ हाच आकडा दिला, आणि मूठ बदलली म्हणून पात्यावरचा आकडा कोणी बदलत नाही.

पायरी २: हाताला काय लागतं

चाकू अर्धा तास पंख्यापासून दूर, सावलीत ठेवा. मग पट्टी मनगटाच्या आतल्या बाजूला लावा. शिंपला दगडासारखा गार लागतो आणि बराच वेळ गार राहतो. हाड, सांबरशिंग आणि हस्तिदंत त्याहून कमी गार. शिंग, कासवाचं कवच, लाकूड आणि सगळी प्लॅस्टिकं जवळजवळ लगेच अंगाइतकी कोमट होतात. जुन्या पुस्तकांत मूठ दातावर घासून बघायला सांगतात. कोणाच्या खिशात आणि कशाकशात फिरलेला चाकू असेल कोण जाणे, मी तरी दाताला लावत नाही. नखाने टकटक केली तरी शिंपल्याचा आवाज काचेसारखा कडक येतो.

एवढ्याने नाव ठरत नाही, पण तीन ढीग पडतात: गार, मध्यम आणि कोमट.

पायरी ३: मधला ढीग, म्हणजे हाड, सांबरशिंग आणि हस्तिदंत

गल्लत इथेच सर्वांत जास्त होते, म्हणून इथे वेळ द्या.

हाडापासून सुरुवात करू, कारण जुन्या चाकूंवर तेच सर्वांत जास्त सापडतं. मुठींसाठी गुरांच्या पायाची नळी वापरत. ती उकळून, चरबी काढून, सपाट पट्ट्यांत कापत. जिवंत हाडात रक्तवाहिन्यांसाठी बारीक नळ्या असतात, आणि त्या हाडाच्या लांबीच्या दिशेने धावतात. पट्टीही त्याच दिशेने कापलेली असते. म्हणून समोरच्या भागावर भिंगातून तुटक, बारीक, काळपट रेघा दिसतात आणि टोकाकडून पाहिलं की त्याच नळ्यांचे ठिपके होतात. वर रेघा आणि टोकाला ठिपके अशी जोडी सापडली की हाड पक्कं. पांढरं, गुळगुळीत, खूप घासलेलं हाड या रेघा लपवतं. तेव्हा पत्र्यालगतच्या कडेला बघा. तिथे पॉलिश पोचलेलं नसतं आणि वर्षानुवर्षांचा मळ नळ्यांत उतरलेला असतो.

रंगवलेल्या, खाचा पाडलेल्या हाडाला संग्राहक ‘जिग्ड बोन’ म्हणतात. खाचा यंत्राने पाडलेल्या असल्या तरी प्रत्येक पट्टीवर थोड्या वेगळ्या पडतात. रंग वरून आत मुरलेला असतो, म्हणून बोटं सतत लागतात तिथे, म्हणजे मुठीच्या फुगीर भागावर, तो फिका होतो आणि खाचांत गडद राहतो. डेलरिन आरपार एकाच रंगाचं असतं. ते कितीही झिजलं तरी फिकं पडत नाही, आणि साच्यातून काढल्यामुळे त्या नमुन्याच्या प्रत्येक चाकूवर खाच तिथल्या तिथेच असते. हाडाच्या पट्टीला खिळ्याजवळ केसासारखी चीर पडलेली बऱ्याचदा दिसते. खरेदीच्या दृष्टीने हा दोष, ओळखण्याच्या दृष्टीने पुरावा.

आता सांबरशिंग. हे हाडाचंच बनलेलं असतं, नराच्या डोक्यावर दर वर्षी वाढतं आणि गळतं. म्हशी-बैलाच्या शिंगाशी त्याचं काही नातं नाही. ते शिंग नखांच्या जातीचं, केराटिनचं असतं आणि आयुष्यभर टिकतं. सांबराचं शिंग बाहेरून दाट, खोल उभ्या खाचांचं आणि गडद सालीचं, तर आतून सच्छिद्र. चाकूच्या मुठींसाठी सांबरालाच पसंती मिळाली, कारण इतर बऱ्याच हरणांच्या मानाने त्याच्या शिंगाची बाहेरची भिंत जाड असते आणि मधला पोकळ, मऊ भाग कमी.

समोरून बघताना खाचा किती नैसर्गिक वाटतात याचा विचार सोडा. उघड्या टोकाकडे किंवा पत्र्याच्या कडेला बघा. बाहेरच्या बाजूला दाट थर आणि पत्र्याकडे जाताना वाढत जाणारी, आंबोळीला पडते तशी जाळी, हे सांबरशिंगाचं लक्षण. हाडाचे ठिपके बारीक आणि पट्टीभर सारखे पसरलेले असतात. सांबरशिंगाची भोकं आतल्या बाजूला मोठी होत जातात. आणखी एक गोष्ट: चाकूच्या दोन पट्ट्या एकमेकींच्या हुबेहूब जोडीला सहसा मिळत नाहीत. एक थोडी जाड, एक थोडी वाकडी, एकीवर साल गडद, दुसरीवर घासून पांढरी पडलेली. दोन्ही पट्ट्या तंतोतंत सारख्या असतील तर संशय घ्या.

अडचण येते ती ‘सेकंड कट’ प्रकाराची. बाहेरची साल चांगल्या पट्ट्यांसाठी कापून घेतल्यावर आतल्या भागाच्या पट्ट्या काढत आणि त्यांना हाडासारख्याच यंत्राने खाचा पाडत. समोरून ती जिग्ड बोनसारखीच दिसते. फरक सापडतो खाचांच्या तळाशी. हाडाच्या खाचेचा तळ गुळगुळीत, त्यात तुरळक रेघा. सेकंड कटच्या खाचेत, विशेषतः पट्टीच्या मधल्या पट्ट्यात, सच्छिद्र जाळी डोकावते. माझ्या मते संग्राहकाला सर्वांत जास्त चकवणारी मूठ हीच. कित्येक वेळा ती हाड म्हणून स्वस्तात विकली जाते.

हस्तिदंत म्हणजे दात. दातात रक्तवाहिन्यांच्या नळ्या नसतात, म्हणून ठिपके नाहीत. पांढऱ्या मुठीत कुठेही काळे ठिपके किंवा तुटक काळ्या रेघा दिसल्या, की हस्तिदंताचा विचार सोडून द्या. हत्तीच्या दाताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते. तिला श्रेगर रेषा म्हणतात. दाताच्या बाहेरच्या भागात या रेषांमधला कोन आजच्या हत्तींमध्ये साधारण ११५ अंशांहून जास्त असतो, मॅमथमध्ये ९० हून कमी. मोठ्या वस्तूवर ही खूण सोपी आहे. खिशातल्या चाकूवर मात्र पट्टीची जाडी दोन-तीन मिलिमीटर असते, टोक बोल्स्टरमध्ये दडलेलं असतं, त्यामुळे कोन मोजण्याइतकी जागाच मिळत नाही. तेव्हा लांब बाजूंकडे बघा. हस्तिदंतावर फिक्या आणि किंचित गडद रेषा आळीपाळीने, हलक्या लाटेसारख्या जातात, आणि टॉर्च तिरपी धरली की त्या स्पष्ट होतात. जाळी दिसली नाही म्हणून हस्तिदंत नाही, असं म्हणू नका. ठिपके दिसले तर मात्र नाहीच.

सेल्युलॉइडचा नकली हस्तिदंत, ज्याला बाजारात फ्रेंच आयव्हरी म्हणत, तो नेमका इथे पकडला जातो. त्यात रेषा मुद्दाम घातलेल्या असतात, पण त्या फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ, सारख्या अंतराच्या. कारखान्यात पातळ थर एकावर एक दाबून त्या केलेल्या असतात, म्हणून टोकाकडून पाहिलं तरी त्या सरळच राहतात. एकमेकींना कधी छेदत नाहीत.

वॉलरसच्या दाताच्या गाभ्यात शिजलेल्या साबुदाण्यासारखे पारदर्शक गोळे असतात, म्हणून तो वेगळा ओळखता येतो. तो चाकूवर क्वचितच भेटतो.

पायरी ४: कोमट ढीग

शिंग आधी. काळं म्हशीचं शिंग आणि मधाळ किंवा हिरवट बैलाचं शिंग, दोन्ही मुठींवर येतात. फ्रान्समधल्या लाग्योल गावाच्या चाकूंना गाईच्या शिंगाची टोकं लावण्याची परंपरा आहे. शिंग थरांनी वाढतं. कडेने पाहिलं तर थर लांबीच्या दिशेने दिसतात, आणि जुन्या पट्टीत ते कडेला सुटायला लागतात. टॉर्च कडेखाली धरली तर काळं शिंगसुद्धा पातळ कडेला तपकिरी उजळतं. शिंग आकसतं, वाकतं, बोल्स्टरपासून केसभर सरकतं. कोकणातल्या पावसाळ्यात फुगून नंतर वातानुकूलित खोलीत आलं की हमखास. आणि किडे ते खातात. पट्टीत नागमोडी खोबणी किंवा कडेला कुरतडल्यासारखे खड्डे दिसले तर ते शिंग असण्याचा मोठा पुरावा आहे. किडा प्लॅस्टिक खात नाही.

दाबलेलं शिंग मात्र फसवतं. शिंग उष्णतेने मऊ होतं, मग ते साच्यात दाबून त्यावर सांबरशिंगाच्या खाचा उठवत. पण साच्यात दाबलं तरी आतले थर तसेच राहतात. उठावाच्या कडेला भिंग लावलं, की खाचेखालून थर वाकून गेलेले दिसतात.

काळ्या मुठीचा दुसरा उमेदवार म्हणजे कडक रबर, व्हल्कनाइट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ते वापरात आहे. उजेडात ते हिरवट तपकिरी पडतं. कापडाने जोरात घासून वास घेतला तर गंधकाचा मंद वास येतो. त्याची कड टॉर्चने उजळत नाही. एबनी लाकडाची कडही उजळत नाही, पण त्यात लांबीच्या दिशेने बारीक छिद्रांच्या रेघा आणि टोकाला त्या छिद्रांचे ठिपके सापडतात. लाकडांबद्दल एवढंच: एबनी, रोझवुड, अमेरिकन चाकूंवरचं नारिंगी-तपकिरी कोकोबोलो आणि अक्रोड ही नेहमीची. जात नक्की करायला छिद्रांची मांडणी बघावी लागते, आणि तीन मिलिमीटरच्या टोकावरून ते बहुधा जमत नाही. ‘गडद, जड, उष्ण प्रदेशातलं लाकूड’ इतकंच लिहून पुढे जा. त्याने किमतीत फारसा फरकही पडत नाही.

कासवाचं कवच हा नाजूक मामला. ते हॉक्सबिल या समुद्री कासवाचं, पिवळ्या-तपकिरी ढगांचं. शेफिल्डमध्ये ते पातळ कापून कधीकधी खाली सोनेरी वर्ख घालून बसवत, म्हणजे पिवळा भाग आतून उजळतो. भिंगातून तपकिरी डागाची कड बघा. खऱ्या कवचात रंग म्हणजे असंख्य बारीक ठिपके असतात. डागाच्या सीमेवर ते विरळ होत जातात. सेल्युलॉइडमध्ये रंग वाहिल्यासारखा, लाटांचा, आणि ठिपके नाहीत. रंगवलेल्या शिंगावर डाग वरच्या वर बसलेला असतो, थरांवर आडवा पसरलेला.

पायरी ५: गार ढीग

इथे फक्त शिंपला, म्हणून लवकर आटपतं. चाकू हळूहळू तिरपा करा. खऱ्या शिंपल्यात झळाळी पृष्ठभागावरून सरकते. ‘क्रॅक्ड आइस’ नावाच्या नकली शिंपल्यात चमकते तुकडे जागच्या जागी राहतात आणि आळीपाळीने पेटतात-विझतात. कडेने पाहिलं तर खऱ्या शिंपल्यात वाढीचे अतिशय बारीक थर असतात. खिळ्याभोवती ताऱ्यासारख्या चिरा दिसणं नेहमीचंच. मोठ्या चाकूवर सलग शिंपल्याची लांब पट्टी असेल तर ती मुळातच महाग होती, कारण शिंपल्याचा सपाट भाग मर्यादित असतो. अशा मुठीत मध्ये सांधा आहे का ते बघा. हिरवा, निळा, गुलाबी रंग एकमेकांत वळसे घेत असतील तर तो ॲबलोनी या समुद्री गोगलगायीचा शिंपला.

पायरी ६: जांभळा उजेड, शंका उरली तरच

अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट टॉर्च लावली की हाड, सांबरशिंग आणि हस्तिदंत तिन्ही निळसर पांढरे चमकतात. म्हणजे हा उजेड त्यांना एकमेकांपासून वेगळं करत नाही. प्लॅस्टिकपासून मात्र बऱ्याचदा वेगळं करतो. कासवाच्या कवचाचे फिके भाग खडूसारखे पिवळट उजळतात. जुनं पॉलिश, मेण आणि सरस आपापली चमक दाखवतात, म्हणून एकाच जागी न थांबता सगळीकडे बघा. याचा खरा उपयोग डागडुजी पकडायला होतो. एक पट्टी चमकते आणि दुसरी मंद राहते, असं झालं तर त्यातली एक नंतरची आहे.

काय करायचं नाही

तापलेली सुई टोचून वास घेण्याची चाचणी जिथे-तिथे सांगतात. केस जळल्याचा वास आला तर शिंग, वगैरे. ती करू नका. खरी वस्तू कायमची बिघडते. आणि मूठ सेल्युलॉइडची निघाली, तर ते नायट्रोसेल्युलोज आहे, सुईने पेट घेऊ शकतं. सुईने जे कळतं ते भिंगाने पाच मिनिटांत, नुकसानाशिवाय कळतं. ॲसिटोनचा कापूसही तसाच, सेल्युलॉइड त्यात विरघळतं आणि समोरची चकाकी परत येत नाही.

खिळ्या काढून पट्टी सुटी करून आतली बाजू बघण्याचा मोह होतो. आतली बाजू खरंच खूप सांगते, पण जुन्या खिळ्या काढल्या की चाकूचं मूळपण गेलं. आधीच सैल झालेली पट्टी असेल तरच डोकवा.

कायद्याची बाजू

ओळख पटली की भारतात पुढचा प्रश्न कायद्याचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंत, समुद्री कासवाचं कवच आणि सांबरशिंग यांचा व्यापार बेकायदा आहे. १९८६ च्या दुरुस्तीने देशी वन्यप्राण्यांच्या वस्तूंचा धंदा बंद झाला, १९९१ मध्ये आफ्रिकन हस्तिदंतही त्यात आला, आणि १९९८ मध्ये सांबर-चितळाच्या गळलेल्या शिंगांची निर्यातही थांबली. म्हणजे बाजारात ‘हस्तिदंताची मूठ’ असं अभिमानाने सांगणारा विक्रेता खरं बोलत असेल तर तो व्यवहार करूच नये. खोटं बोलत असेल तर पैसे वाचतात. घरात वारशाने अशी वस्तू असेल तर तिची मालकी कशी नोंदवायची हे वन विभागाच्या कार्यालयात विचारा, आणि तोवर ती विकू नका.

परदेशात राहणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. ब्रिटनचा हस्तिदंत कायदा जून २०२२ पासून लागू आहे, अमेरिकेने २०१६ मध्ये आफ्रिकन हस्तिदंताच्या व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. आजोबांचा चाकू सामानात टाकून सरहद्द ओलांडण्याआधी मूठ हाडाची आहे की दाताची, हे नक्की करून घ्या.

नोंद आणि साठवण

प्रत्येक चाकूसाठी चार ओळी लिहा: ठसा, पट्टीच्या टोकाचं भिंगातून दिसणारं वर्णन, दोन्ही पट्ट्या सारख्या आहेत का, आणि निष्कर्ष किती खात्रीचा. ‘हाड, खात्री’, ‘सांबरशिंग किंवा सेकंड कट, टोक दिसत नाही’ असं लिहिलेलं चालतं. मोबाइलवर भिंग टेकवून टोकाचा फोटो घ्या. समोरच्या भागाचे फोटो सगळेच काढतात, टोकाचे कोणी काढत नाही आणि नंतर दुसऱ्याला विचारायचं तर नेमके तेच लागतात.

ठेवताना हाड, हस्तिदंत आणि शिंग सुती कापडात, उन्हापासून आणि थेट एसीच्या झोतापासून दूर ठेवा. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालू नका. सेल्युलॉइडची मूठ मात्र बाकीच्यांपासून पूर्ण वेगळी ठेवा, वेगळ्या कपाटात ठेवली तर उत्तम. जुनं होताना ते आम्लाच्या वाफा सोडतं आणि त्या शेजारच्या चाकूंची पातीही गंजवतात. कापराचा उग्र वास, पट्टीवर घाम आल्यासारखा ओलेपणा, पितळी पत्र्यावर हिरवी पूड, आणि घडी केल्यावर मुठीत राहणारा पात्याचा भागच तेवढा गंजलेला दिसला, तर ती मूठ कुजायला लागली आहे. तो चाकू त्याच दिवशी बाकीच्या संग्रहातून बाहेर काढा.